आधी तेरावं, मग बारसं!

*स्वीडनच्या 'रिफ्यूज्ड' या बँडचा 'द शेप ऑफ पंक टू कम' हा अल्बम १९९८ साली आला, तेव्हा त्याचं स्वागत करायला बँडच उरला नव्हता. पोस्ट-हार्डकोरच्या या गाजलेल्या अल्बमच्या या काही गमतीजमती. गाणी ऐकली नसतील तरी वाचायला हरकत नाही, आणि ऐकली असतील तर दुप्पट मजा.*

एकवीस दिवसांचा घोळ

६ ऑक्टोबर १९९८ ला रिफ्यूज्डचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड मोडला. अल्बम बाजारात आला २७ ऑक्टोबरला. तेराव्यालाही आठवडा उलटून गेला होता म्हणायचा. नवा अल्बम आला की बँड गावोगाव फिरतो, मुलाखती देतो, पोस्टरवर सह्या करतो. इथे जाहिरातीसाठी फिरायला कोणी शिल्लकच नव्हतं. त्यात अल्बमचं नाव काय, तर 'येणाऱ्या पंकचं रूप'. येणाऱ्या काळाबद्दल बोलायला आलेली मंडळी स्वतः येण्याआधीच गेलेली. आणि बाराव्या दिवशी बारसं व्हावं तशी यात गाणीही बरोबर बाराच आहेत!

शेवटचा कार्यक्रम: तळघर, घाम आणि पोलीस

दंतकथा झालेल्या बँडचा शेवट एखाद्या भव्य स्टेडियममध्ये होतो असा आपला समज. रिफ्यूज्डचा झाला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, हॅरिसनबर्ग नावाच्या छोट्या कॉलेजच्या गावात, एका घराच्या तळघरात. दौरा रखडत चालला होता, गर्दी जेमतेम, आपसात धुसफूस. बँड मोडायचं आधीच ठरलं होतं. तळघरात काही गाणी वाजली, आवाज रस्त्यापर्यंत गेला आणि पोलीस दारात हजर. कार्यक्रम बंद. व्यवस्थेविरुद्ध ओरडण्यात सात वर्षं घालवलेल्या बँडचा माइक अखेर व्यवस्थेनेच बंद केला. हा प्रसंग कोणी पटकथेत लिहिला असता, तर दिग्दर्शकाने 'जरा जास्तच होतंय' म्हणून खोडला असता.

मृत्युपत्रात शिवी

बँड मोडल्यावर त्यांनी एक जाहीर पत्र काढलं. त्याचं शीर्षक म्हणजे याच अल्बममधल्या नवव्या गाण्याचं नाव. 'रिफ्यूज्ड मेले' एवढाच त्याचा अर्थ, पण मधे एक ठसठशीत इंग्रजी शिवी आहे, ती इथे छापत नाही. पत्राचा सूर कडक होता: आम्ही पुन्हा कधीही एकत्र वाजवणार नाही, जुन्या दिवसांचे गोडवे गाणार नाही, आणि वर्तमानपत्रांनी आमचे फोटो जाळून टाकावेत. आपल्याच मरणाची घोषणा करणारं गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि मग तसंच वागायचं, इतकं वक्तशीर नियोजन सहसा रॉक संगीतात दिसत नाही.

पुढे गिटारवादक क्रिस्टोफर स्टेननेच त्या अखेरच्या दिवसांवर एक माहितीपट केला. तो २००६ साली आला. त्याचं नाव? तेच. शिवीसकट.

नाव जॅझकडून, जॅझचं कुठून?

आता शीर्षकाची वंशावळ. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने १९५९ साली 'द शेप ऑफ जॅझ टू कम' नावाचा अल्बम काढला. त्यात पियानोच नव्हता. वादकांना स्वरांच्या ठरलेल्या चौकटीत बांधून ठेवणारं वाद्यच काढून टाकल्यामुळे जुन्या जॅझवाल्यांच्या भुवया उंचावल्या. त्यात कोलमन वाजवायचा तो सॅक्सोफोन पितळेचा नाही, चक्क प्लॅस्टिकचा! न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबात त्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि 'हा द्रष्टा आहे' विरुद्ध 'याला वाजवताच येत नाही' असे दोन तट पडले.

गंमत म्हणजे कोलमनला स्वतःला हे नाव नको होतं. त्याच्या मनात त्यातल्याच एका रचनेचं नाव होतं, 'फोकस ऑन सॅनिटी'. निर्माता नेसुही एर्तेगुनच्या आग्रहाने 'येणाऱ्या जॅझचं रूप' पक्कं झालं. त्याच्याही मागे गेलात तर तिथे एच. जी. वेल्स बसलेला आहे. त्याचं 'द शेप ऑफ थिंग्ज टू कम' हे भविष्याचा इतिहास सांगणारं पुस्तक १९३३ चं. म्हणजे पुस्तकाकडून जॅझकडे आणि जॅझकडून पंककडे, असं हे नाव पिढीजात चालत आलं. येणाऱ्या काळाची घोषणा करणारं शीर्षक तेव्हाच पासष्ट वर्षांचं होतं.

मधला काका

या वंशावळीत एक काकाही आहे. वॉशिंग्टन डीसीमधला 'नेशन ऑफ युलिसिस' हा बँड. सूट घालून, जाहीरनामे छापून, क्रांतीच्या गप्पा मारत पंक वाजवणारी ही मंडळी. त्यांच्या पहिल्या अल्बमचं (१९९१) नावच मुळी 'अमेरिका नष्ट करण्याचा १३ कलमी कार्यक्रम'. त्यांच्या एका गाण्याचं नाव 'द साउंड ऑफ जॅझ टू कम'. कोलमनचं नाव पंकमध्ये आणण्याचा मान खरं तर त्यांचा. रिफ्यूज्डने ही गोष्ट कधी लपवली नाही. जाहीरनामा, पोशाखाची ऐट, जॅझचा संदर्भ हे सगळं त्यांनी त्या काकाकडून घेतलं आणि त्याला स्वतःचा दणका जोडला.

मुखपृष्ठही उसनंच

नाव झालं, आता चेहरा. अल्बमचं मुखपृष्ठ म्हणजे 'टीनजनरेट' या जपानी गॅरेज-पंक बँडच्या 'गेट अॅक्शन!' या अल्बमच्या मुखपृष्ठाला केलेला उघड सलाम. स्वीडिश बँड, अमेरिकन जॅझचं नाव, जपानी गॅरेज-पंकचा चेहरा. पासपोर्टवर शिक्के मारायला जागा उरू नये, अशी अवस्था.

इथे कोणी म्हणेल, मग यात नवं ते काय? नवं हेच की लपवाछपवी नाही. उसनवारी सगळेच करतात. रिफ्यूज्डने ती शीर्षकातच लिहून टाकली, सावकाराच्या नावासकट.

ही सवय जुनीच

१९९६ च्या त्यांच्या आधीच्या अल्बमचं नाव होतं 'साँग्ज टू फॅन द फ्लेम्स ऑफ डिसकंटेंट', असंतोषाच्या ज्वाळांना वारा घालणारी गाणी. तेही त्यांचं नव्हे. अमेरिकेतल्या 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या कामगार संघटनेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाण्यांची एक लाल पुस्तिका काढली होती, संपावर बसलेल्यांनी एकत्र म्हणायची गाणी. त्या पुस्तिकेचं हे ब्रीद. म्हणजे नावं शोधताना ही पोरं रेकॉर्डच्या दुकानात जितकी रमत, तितकीच ग्रंथालयातही.

बारा गाणी, एक वाचनालय

गाण्यांची नावं वाचताना आपण इंग्रजी साहित्याच्या पेपरला बसलोय की काय, असं वाटतं.

पहिल्याच गाण्याचं लांबलचक नाव, 'वर्म्स ऑफ द सेन्सेस / फॅकल्टीज ऑफ द स्कल', अॅलन गिन्सबर्गच्या 'हाउल' या कवितेतून उचललेलं.

पाचवं 'ब्रुइटिस्ट पोम नंबर ५'. याचं मूळ दादावाद्यांकडे. १९१६ साली झुरिकच्या 'कॅबरे व्होल्तेर'मध्ये ही मंडळी गोंगाटालाच कविता म्हणून सादर करत. त्याच्याही तीन वर्षं आधी इटलीच्या लुइजी रुसोलोने गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला होता. गिटारवाल्या बँडने या नावाखाली काय द्यावं? शब्दांशिवायचा, यंत्रांवर केलेला इलेक्ट्रॉनिक तुकडा.

आठवं 'प्रोटेस्ट साँग '६८', नावात पॅरिसचा १९६८ चा विद्यार्थी उठाव आणि आत हेन्री मिलरच्या 'ट्रॉपिक ऑफ कॅन्सर' या कादंबरीचा वास. ही कादंबरी अमेरिकेत अनेक वर्षं बंदीत होती. रिफ्यूज्डला ती आवडली नसती तरच नवल.

अकरावं 'तानहॉयझर / देरिव्ह'. अर्धं नाव वाग्नरच्या ऑपेराचं, अर्धं फ्रान्सच्या सिच्युएशनिस्ट मंडळींचं. गी दबोर आणि त्याचे साथी शहरात कुठलंही ठिकाण न ठरवता भटकत आणि त्यालाच राजकीय कृती मानत. त्या भटकंतीला ते हेच नाव देत. मात्र अल्बमवर या फ्रेंच नावातलं स्वरचिन्ह चुकीच्या अक्षरावर पडलंय. क्रांती करायची घाई असली की शुद्धलेखन मागे राहतं!

पोस्ट-हार्डकोर म्हणजे नेमकं काय हो?

दोन मिनिटांची शिकवणी. सत्तरच्या दशकात पंक आलं: तीन कॉर्ड, वेग, संताप. ऐंशीच्या सुरुवातीला अमेरिकेत ते आणखी वेगवान आणि आणखी कर्कश झालं, तो हार्डकोर. गाणं सुरू होईपर्यंत संपायचंही. मग काही वादकांना प्रश्न पडला की संताप ठेवून संगीताशी खेळता येईल का? लय मोडावी, मधेच शांतता आणावी, गाणं सहा मिनिटांचं करावं. वॉशिंग्टन डीसीतल्या 'राइट्स ऑफ स्प्रिंग' आणि 'फुगाझी' यांच्यासारख्या बँडनी ती वाट पाडली. या प्रकाराला पुढे पोस्ट-हार्डकोर नाव पडलं. रिफ्यूज्डने त्याच वाटेवर जॅझ, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि व्हायोलिन घुसवलं.

गाव कुठलं? बर्चच्या झाडांचं

रिफ्यूज्डचं गाव उमेओ. स्टॉकहोमपासून सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेला, जवळजवळ आर्क्टिकच्या उंबऱ्यावर. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेचार तासांचा, जूनमध्ये रात्र नावापुरती. १८८८ साली मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला. मग पुन्हा आग पसरू नये म्हणून रुंद रस्ते आखून दुतर्फा बर्चची झाडं लावली, म्हणून हे 'बर्चचं शहर'.

एवढ्याशा गावाचा संगीतातला पसारा मात्र दांडगा. हेवी मेटलमध्ये तालाची गणितं घालणारा 'मेशुग्गा' हा बँडही उमेओचाच. 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' लिहिणारा स्टीग लार्सन किशोरवयात वाढला तोही इथेच. हिवाळ्यात बाहेर अंधार आणि बर्फ, मग तरुण पोरं करणार काय? एक तर कादंबरी लिहिणार, नाहीतर ड्रम बडवणार.

सरकारी खर्चाने बंडखोरी

स्वीडनमध्ये गावोगावी पालिकेच्या संगीतशाळा आहेत. शिवाय प्रौढशिक्षणाच्या मोठमोठ्या संस्था आहेत, ज्यांना सरकारी अनुदान मिळतं. चार पोरांनी बँड काढला आणि 'अभ्यासमंडळ' म्हणून नाव नोंदवलं, की तालमीची जागा आणि थोडीफार मदत मिळते. म्हणजे 'व्यवस्था उलथवा' असं ओरडायचं, आणि ज्या खोलीत ओरडायचं त्या खोलीच्या भाड्याचा भार व्यवस्थेनेच हलका करायचा!

ही टिंगल नाही. स्वीडनचं संगीत जगभर का पोहोचतं, याचं हे एक साधं कारण आहे. गिटार शिकायला श्रीमंत बापाची गरज पडत नाही.

दारू नाही, सिगारेट नाही, मटणही नाही

रॉकस्टार म्हटलं की डोळ्यांसमोर बाटली येते. रिफ्यूज्डची चळवळ नेमकी उलट्या टोकाची. हार्डकोरमध्ये 'स्ट्रेट एज' नावाचा पंथ आहे: दारू, तंबाखू, नशा सगळं वर्ज्य. हे नाव 'मायनर थ्रेट' या वॉशिंग्टनच्या बँडच्या १९८१ मधल्या गाण्यावरून पडलं. त्यांचा गायक इयन मकाय, ज्याने पुढे 'फुगाझी' काढला. या पंथाची खूण म्हणजे हाताच्या पंजामागे शाईने काढलेली फुली. क्लबमध्ये कमी वयाच्या पोरांना दारू मिळू नये म्हणून हातावर जी खूण करायचे, तीच यांनी मिरवायला घेतली.

उमेओत या पंथाला प्राणीहक्कांची जोड मिळाली आणि नव्वदच्या दशकात गावातली शाळकरी मुलं धडाधड व्हीगन होऊ लागली. मांस तर नाहीच, दूध, लोणी, अंडंही बंद. हे इतकं वाढलं की उमेओ विद्यापीठातल्या आहारतज्ज्ञांनी या व्हीगन किशोरांचा रीतसर अभ्यास केला. आईबापांच्या तक्रारी जगभर सारख्याच, पण 'पोरगं रॉक ऐकायला लागलं आणि भाजीच खायला लागलं' ही तक्रार उमेओचीच.

स्टुडिओ घराशेजारी, पाहुणे परदेशी

अल्बम रेकॉर्ड झाला उमेओतल्याच 'टोनटेक्निक' स्टुडिओत. निर्मितीत बँडच्या जोडीला पेले हेन्रिक्सन आणि एस्किल लव्हस्ट्रॉम ही जोडगोळी. अल्बमचा आवाज कानोकानी पोहोचला, तसे परदेशी बँड या दोघांना शोधत आले. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा 'पॉइझन द वेल' आणि लंडनचा 'हेल इज फॉर हिरोज' या दोघांच्याही २००३ च्या अल्बमवर निर्माते म्हणून याच जोडीची नावं आहेत. फ्लोरिडाच्या उन्हातून थेट आर्क्टिकच्या तोंडाशी जाऊन मदत मागायची, म्हणजे त्या आवाजाची ओढ केवढी!

स्वीडनमध्ये अल्बम काढला 'बर्निंग हार्ट' या कंपनीने. 'द हाइव्ह्ज' आणि 'मिलनकोलिन' हेही तेव्हा तिचेच बँड. अमेरिकेत तो 'एपिटाफ'मार्फत पोहोचला. त्या नावाचा अर्थ थडग्यावरचा लेख. योगायोग म्हणायचा आणि पुढे जायचं.

'न्यू नॉइज'चं शवविच्छेदन

अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं सहावं, 'न्यू नॉइज'. त्याची खरी करामत आरडाओरड्यात नाही, वाट पाहायला लावण्यात आहे. आधी एकच गिटार, दबा धरून बसल्यासारखी तीच ती चाल वाजवते. मग बाकीची वाद्यं येतात, दाब वाढतो, आता फुटणार असं वाटतं, तोच सगळं थांबतं आणि मागून इलेक्ट्रॉनिक खुडबुड ऐकू येते. पुन्हा दाब. आणि मग गायक डेनिस लिक्सेन एक प्रश्न किंचाळून विचारतो आणि धरण फुटतं. एवढं होईपर्यंत मिनिटभराहून जास्त वेळ गेलेला असतो. गाण्याचा मुद्दाही मार्मिक आहे: नवा विचार सांगायचा तर जुन्याच आवाजात कसा सांगणार?

डेव्हिड सँडस्ट्रॉमचे ड्रम इथे वेगळे ऐका. वेगापेक्षा तो थांबण्यातून जास्त बोलतो.

डबल बास कुठून आला?

तिसरं गाणं 'द डेडली ऱ्हिदम', कारखान्यातल्या यंत्रवत श्रमाबद्दलचं. ते भरात आलेलं असताना अचानक मधे जॅझ क्लबातला डबल बास ऐटीत चालत येतो. चार पावलं टाकतो आणि पुन्हा गिटारींच्या गदारोळात गडप. अकराव्या गाण्याच्या सुरुवातीला व्हायोलिन आहे. सातवं, 'द रिफ्यूज्ड पार्टी प्रोग्रॅम', जेमतेम मिनिटभराचं, तर अकरावं आठ मिनिटांच्या आसपास. आणि सगळं मिळून अल्बम साधारण ५५ मिनिटांचा. गाण्यांच्या अधेमधे आवाजांचे तुकडे पेरलेत, कोणीतरी रेडिओची खुंटी फिरवत बसल्यासारखे.

क्रांती फुटबॉलच्या मैदानावर आणि स्वयंपाकघरात

भांडवलशाहीला शिव्या देणाऱ्या अल्बमचं पुढे काय झालं? भांडवलशाहीने तो आवडीने ऐकला. 'न्यू नॉइज' २००४ मध्ये 'फ्रायडे नाइट लाइट्स' या टेक्ससमधल्या शाळकरी फुटबॉलवरच्या हॉलिवूडपटात वाजलं. २०२२ मध्ये 'द बेअर' या मालिकेत ते शिकागोच्या एका सँडविचच्या दुकानात वाजलं, भांडी आदळतायत, ऑर्डरी ओरडल्या जातायत आणि वर हे गाणं. त्या स्वयंपाकघरापेक्षा योग्य जागा या गाण्याला मिळणं कठीण.

दुसऱ्या क्रमांकाचं गाणं 'लिबरेशन फ्रीक्वेन्सी' रेडिओलहरी जनतेला परत द्या म्हणतं. त्यातला एक तुकडा 'पॅरामोर'ने २००७ च्या 'रायट!' या अल्बममधल्या 'बॉर्न फॉर धिस' गाण्यात वापरला. म्हणजे रेडिओ परत मागणारी हाक रेडिओवर लाडक्या असलेल्या बँडच्या गळ्यातून घरोघरी गेली. 'ब्लिंक-१८२'च्या टॉम डीलाँगने २००१ साली 'बॉक्स कार रेसर' हा गंभीर चेहऱ्याचा बँड काढला, त्याच्या प्रेरणांमध्येही फुगाझीच्या जोडीला रिफ्यूज्डचं नाव आहे.

कियानू रीव्ह्जचा उसना गळा

'सायबरपंक २०७७' हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा व्हिडिओ गेम डिसेंबर २०२० मध्ये आला. त्यात जॉनी सिल्व्हरहँड नावाचा बंडखोर रॉकस्टार आहे, चेहरा आणि बोलणं कियानू रीव्ह्जचं. पण जॉनी गायला लागला की आवाज येतो उमेओच्या डेनिस लिक्सेनचा! जॉनीच्या 'सामुराय' या काल्पनिक बँडची गाणी वाजवणारा खरा बँड म्हणजे रिफ्यूज्ड. कंपन्यांविरुद्ध लढणारा, मेल्यावरही दुसऱ्याच्या डोक्यात भूत होऊन बडबडणारा गायक, हे पात्र वठवायला यांच्यापेक्षा अनुभवी माणसं कुठे मिळणार? तुमच्या घरातलं पोरगं हा गेम खेळत असेल, तर त्याने रिफ्यूज्ड ऐकलेला आहे. फक्त त्याला ते माहीत नाही.

क्रांतिकारकाचं देखणेपण

रिफ्यूज्ड मोडल्यावर लिक्सेन गप्प बसला नाही. १९९८ मध्येच त्याने 'द इंटरनॅशनल नॉइज कॉन्स्पिरसी' काढला. एकसारखे कपडे, डावं राजकारण, पण या वेळी लोक नाचतील असं संगीत. २००४ साली 'एल' या फॅशन मासिकाच्या स्वीडिश आवृत्तीने त्याला स्वीडनचा सर्वांत मादक पुरुष ठरवलं. आयुष्यभर जाहिरातबाजीवर टीका करणाऱ्या माणसाला अत्तरांच्या जाहिरातींशेजारी छापलं जाणं, हाही एक प्रकारचा गनिमी कावाच. फक्त गनीम कोण, ते कळत नाही.

'कधीच नाही' म्हणजे चौदा वर्षं

'पुन्हा कधीही नाही' असं छापून दिलेले रिफ्यूज्ड २०१२ मध्ये परत आले, कॅलिफोर्नियाच्या 'कोचेला' महोत्सवात. आणि नेमक्या त्याच महोत्सवात पोस्ट-हार्डकोरचा दुसरा मोडलेला बँड, टेक्ससचा 'अॅट द ड्राइव्ह-इन', हाही पुन्हा उभा राहिला. वर त्याच वर्षी तिथे १९९६ मध्ये वारलेला रॅपर टुपाक प्रकाशाच्या करामतीने मंचावर अवतरला. २०१२ चं कोचेला म्हणजे सर्वपित्रीची वाढीव आवृत्तीच होती.

तळघरात जेमतेम गर्दी जमवलेल्या बँडपुढे आता हजारो लोक होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हा अल्बम बँड मेल्यानंतरच ऐकलेला.

पुरस्कार घेतला, वर सुनावलं

पुनरागमनाच्या त्या वर्षासाठी स्वीडन सरकारने संगीताच्या निर्यातीचं बक्षीस दिलं कोणाला? रिफ्यूज्डला! वाहनं, लाकूड, फर्निचर आणि क्रांती, अशी निर्यातीची यादी. बँडने बक्षीस स्वीकारलं आणि लगोलग सरकारच्या धोरणांवर टीका करणारं निवेदनही काढलं. तालमीची खोली घेताना ठेवलेला बाणा बक्षीस घेतानाही सुटला नाही, हे मान्य करायला हवं.

टेलर स्विफ्टचा शेजारी

२०१५ मध्ये 'फ्रीडम' हा नवा अल्बम आला. त्यातल्या दोन गाण्यांना हात लावला 'शेलबॅक' या स्वीडिश निर्मात्याने. हा तोच, ज्याचं नाव टेलर स्विफ्टच्या 'शेक इट ऑफ'वर आहे. कट्टर चाहत्यांनी कपाळावर हात मारला. पण शेलबॅकही स्वीडनच्याच मातीतला. पॉप आणि पंक एकाच गावगाड्यात वाढले की कधीतरी एका पंगतीला बसणारच. त्यानंतर २०१९ मध्ये 'वॉर म्युझिक' आला.

जून २०२४ मध्ये स्टॉकहोममधल्या एका कार्यक्रमाआधी लिक्सेनला हृदयविकाराचा झटका आला. तो त्यातून बरा झाला. बँडने निरोप घ्यायचंही पुन्हा एकदा जाहीर केलं. या खेपेला फोटो जाळायची मागणी मात्र कोणी केली नाही.

पहिल्यांदा ऐकताय? मग असं ऐका

थेट पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. सात मिनिटांच्या किंकाळीने घाबरून पळाल.

आधी सहावं, 'न्यू नॉइज'. धरण फुटेपर्यंत धीर धरा, आवाज कमी करू नका.

मग दुसरं, 'लिबरेशन फ्रीक्वेन्सी'. यात कुजबुज आणि किंकाळी आलटून पालटून येतात, त्यामुळे कानाला विसावा मिळतो.

तिसरं फक्त डबल बाससाठी. तो आला की हसू येतंच.

नंतर चौथं, 'समरहॉलिडेज व्हर्सेस पंकरूटीन'. बाराही गाण्यांत सोबत गुणगुणता येईल असं हेच.

मग एकदा सगळा अल्बम ओळीने, मधे न थांबता.

आणि घरातून 'हा काय गोंगाट लावलाय?' अशी हाक आलीच, तर चटकन शेवटच्या गाण्यावर उडी मारा. नाव 'द अपोलो प्रोग्रॅम वॉज अ होक्स', म्हणजे चांद्रमोहीम निव्वळ थाप. पण गाणं अकूस्टिक, इतकं शांत की हाक मारणारा चहा घेऊन शेजारी येऊन बसेल. त्याला शीर्षक सांगू नका. नाहीतर माणूस चंद्रावर गेला होता की नाही, यावर रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालेल आणि बाकीची अकरा गाणी राहून जातील.